वीस हजार शेअरांची मालकीण

१६ जून, सोमवार

चार पस्तीस! शुक्रवारी चार पंचावन्न होता. मधे दोन दिवस बाजार बंद, मग घसरला कधी मेला? कमलेशला विचारलं तर म्हणाला, "काकी, बाजार बंद असतो, लोकांची डोकी थोडीच बंद असतात." आणि वर तिसरी भाकरी मागितली. भाकरी दिली. डोक्यात घालावीशी वाटत होती, पण पानात दिली.

कमलेश म्हणजे रसायनीतल्या एका ठेकेदाराचा सुपरवायझर. मोहोपाड्यात माझी खानावळ निघाल्यापासून दुपारचा जेवायला इथंच. जानेवारीत यानंच कानाला लागून सांगितलं — "नभांकुर ग्रीनटेक. गाड्या चार्ज करायची मशिनं बनवणार. सहा रुपयाला शेअर, काकी! सहा रुपयात आजकाल वडापाव बी नाय येत." पटलं मला. घेतले वीस हजार. सहा वीसच्या भावानं एक लाख चोवीस हजार. दोन वर्षं डब्यांतून बाजूला टाकलेले होते.

आता माझ्या मालकीचं या जगात काय काय आहे ते मोजलं. घर ह्यांच्या नावावर, टेंपो ह्यांच्या नावावर, गॅसचं कार्डसुद्धा ह्यांच्या नावावर. फक्त नभांकुर माझ्या. लेकीनं, अपेक्षानं, हिशेब करून दाखवला होता, कंपनीचे सगळे शेअर दहा कोटी, म्हणजे पाच हजार भागांतला एक भाग माझा. चार्जिंगच्या मशिनचा एखादा नट तरी माझा असेलच की.

१७ जून

चार पंधरा. वालाची उसळ खारट झाली. कुणी काही बोललं नाही, पाणी मात्र दोन हंडे जास्त गेलं.

२९ जून, रविवार

चौकला सख्याकडं जाऊन आले. सखा, माझा धाकटा भाऊ. हायवेच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान आणि गॅरेज, आणि गावात आबांची बावीस गुंठे भातशेती. आबा फेब्रुवारीत गेले. वारस नोंदीची नोटीस लागली, कुणाला हरकत घ्यायची तर पंधरा दिवसांत घ्या म्हणून. कुणाची आली नाही. कोण घेणार? आम्ही दोघंच. आता नवा सातबारा आला, तो सख्यानं मोबाईलवर दाखवला. वर त्याचं नाव, खाली माझं. मी परत परत मोठं करून बघत बसले. तो हसला, "बाय, घासून घासून काच जाईल माझी."

मग चहा घेताना हळूच म्हणाला, "दिवाळीत हक्कसोड करून देशील ना गं? एकाच्या नावावर असलं की कागदाला सोपं पडतं."

यात नवीन काहीच नाही. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. सुंदराआत्यानं आबांना दिला होता हक्क सोडून, एक साडी आणि मटणाचं जेवण घेऊन. जन्मभर तेच सांगायची — साडी चांगली होती म्हणून. मी म्हटलं, बघू की दिवाळीत. नाही कशाला म्हणेन मी? सख्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय.

निघताना विचारतोय, "तुझी कंपनी कशी हाय?" गॅरेजात चार माणसं उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "झकास! पैसे दुप्पट झालेत."

कशाला म्हणाले काय माहीत. एसटीत बसल्यावर कान गरम झाले होते.

३० जून

अपेक्षाला सांगितलं तर म्हणाली, "आई, मामाला फोन करून खरं सांग." म्हटलं सांगते. पुढच्या वेळी.

१२ जुलै, शनिवार

आठवड्यात एक नवीन गोष्ट शिकले. लोअर सर्किट. म्हणजे भाव दिवसाला अमुक इतकाच पडू शकतो, आणि तेवढा पडला की विकणाऱ्यांची ही रांग आणि घेणारा एक नाही. परवा शंभर शेअर विकायला लावून बघितले, उगाच, जातात का म्हणून. दिवसभर मोबाईल मसाल्याच्या डब्याशेजारी उभा करून ठेवला. एकसुद्धा गेला नाही. आपला माल घ्यायला कुणीच नाही ही काय तऱ्हा! माझ्या खानावळीत सुकटीची चटणी एक वाजता संपते.

ह्यांना गंमत सुचतेय. "मालकीणबाई, कंपनीतून सवड मिळाली तर चहा टाका." टाकला. साखर नाही घातली.

भाव तीन साठ.

४ ऑगस्ट

सखा फोनवर: कंपनी कशी हाय? — झकास. मी पण काय बाई आहे! जीभ जणू माझी नाहीच.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती पार पडले. पाच दिवस भाव बघितला नाही, बरं वाटलं. आज उघडला तर तीन दहा, आणि वर कंपनीचा ईमेल. ऐंशी पानांचा! मी म्हटलं बोनस देतायत. अपेक्षा पनवेलला एका सीएकडं कामाला आहे, तिला दाखवला. तिनं वाचता वाचता कपाळाला हात लावला.

कंपनीला पैसे हवेत म्हणून नवीन शेअर काढणार आहेत. किती? वीस कोटी. कुणाला देणार? ठरवलेल्या चाळीस जणांना, तीन रुपयांनी. म्हणजे आत्ता दहा कोटी आहेत ते होणार तीस कोटी.

"मग माझे?"

"तुझे वीस हजारच राहणार."

"मग बिघडलं कुठं?"

"आई, जेवणारे दहा होते ते तीस झाले. भात तेवढाच शिजलाय. तुझं ताट तेच, त्यातला भात कमी."

खानावळवालीला हे दोनदा सांगावं लागत नाही. पाच हजारांत एक भाग होता, तो आता पंधरा हजारांत एक. भाव पडला तर एक वेळ समजू शकते, बाजार आहे, चढेल-उतरेल. पण हा तर माझा हिस्साच छाटला! आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. चाळीस नावं वाचली. त्यातल्या सतरा जणांचं आडनाव चेअरमनचंच. अकरा जणांचा पत्ताही एकच, फ्लॅट नंबरसकट. म्हणजे घरातलीच पंगत वाढवून घेतायत मेले.

५ सप्टेंबर

डोकं शांत ठेवून विचार केला. जमिनीला नवीन नाव चढवायचं तर आधी नोटीस लागते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते, हरकत आली की नोंद अडकते. मग कंपनीचं वेगळं काय असणार? ही नोटीसच तर आहे. आणि मी आहे हिस्सेदार.

तेव्हा हरकत घेतली. कोऱ्या कागदावर, समास सोडून. विषय: नवीन चाळीस नावे चढविण्यास सक्त हरकत असलेबाबत. "मी खाली सही करणार, धंदा खानावळ, राहणार मोहोपाडा, आपल्या कंपनीची हिस्सेदार असून सदर नावे चढविण्यास माझी संमती नाही व मला विचारलेले नाही. तरी सुनावणी घेतल्याशिवाय नोंद करू नये." वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. आधार कार्डाची झेरॉक्स जोडली. पोच मिळावी म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

अपेक्षा घरी आल्यावर तिला दाखवलं. ती इतकी हसली की खाली बसली. हसू दे. पंधरा दिवसांच्या आत गेलंय हे महत्त्वाचं.

१५ सप्टेंबर, सोमवार

कंपनीतून फोन! मुंबईहून, बाईच होती, गोड बोलत होती. "सोनल मॅडम, तुमचा हरकत अर्ज मिळाला. असा अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय. स्टॅम्प लावलेला तर कधीच नाही." मी म्हटलं, सुनावणी कधी? मग तिनं समजावलं — कंपनीत अशी हरकत नसते, मतदान असतं. एका शेअरला एक मत. मोबाईलवर द्यायचं. आणि एकोणतीस तारखेला सभा आहे ऑनलाइन, आधी नाव नोंदवलं तर बोलता येतं.

म्हणजे बोलता येतं!

नाव नोंदवलं. मतही देऊन टाकलं — विरोधात, वीस हजार. सांगायचं म्हणजे फार बरं वाटलं. ग्रामपंचायतीला एक मत असतं माझं, इथं एकटीची वीस हजार.

फोन ठेवता ठेवता ती बाई हळूच म्हणाली, "अर्ज मी फाइलला लावलाय हां, ताई." अशी माणसं असतात म्हणून बरं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सभा अकराची. बोलायची पाळी आली एक वाजता, ऐन गर्दीत! कमलेशनं मोबाईल बरणीला टेकवून उभा केला. पाहुण्याच्या लग्नाला काढलेली पैठणी नेसले होते, वरून एप्रन. खानावळीत वीसएक माणसं, सगळ्यांनी घास थांबवले.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी चेअरमनना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. एकानं कविता म्हटली. मग म्हणाले, "पुढच्या भागधारक, सोनल मॅडम, मोहोपाडा." म्हटलं, "नमस्कार. मी खानावळ चालवते. माझ्याकडं जेवणारी माणसं वाढली तर मी तांदूळ जास्त घेते, आधीच्यांच्या ताटातला भात काढून नव्यांना वाढत नाय. तुमी चाळीस माणसं आणताय, त्यांच्यासाठी तांदूळ कुठला घेताय ते सांगा. आणि एकाच फ्लॅटमधे अकरा माणसं राहतात कशी, तेवढं—"

आणि कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन. चेअरमन म्हणाले, "मॅडम, आपका आवाज नहीं आ रहा," आणि पुढचं नाव घेतलं. शेवटी उत्तर दिलं सगळ्यांना मिळून एकच, की कंपनीचं भवितव्य उज्ज्वल आहे.

पण खानावळीत काय टाळ्या पडल्या! ताटांवर वाट्या वाजवल्या. कमलेशनं सगळं शूटिंग केलं. ह्यांनी टेंपो भर रस्त्यात उभा करून मोबाईलवर सभा बघितली म्हणे, मागून ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या. आल्यावर ताट स्वतःचं स्वतः घासलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा.

१ ऑक्टोबर

निकाल. ठराव मंजूर. बाजूनं अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर. विरोधात थोडी मतं होती, त्यांत माझी वीस हजार कुठंतरी असतील. भाव एक पंच्याण्णव.

रडले थोडी. मग बोंबील तळायला घेतले, वेळ झाली होती.

५ ऑक्टोबर, रविवार

सख्याचा फोन. आवाज असा की वरातीतून बोलतोय. "बाय, तुझा व्हिडिओ बघितला. कंपनीच्या चेअरमनशी बोललीस तू! गॅरेजात जो येतो त्याला दाखवतोय. पंक्चर राहू दे, आधी माझी बहीण बघा म्हणतो." मला हसू आवरेना. आबा असते तर कितीदा बघितला असता, असंही म्हणाला.

कमलेशच्या व्हिडिओत शिट्टीच्या आधीचंच आहे. शेवट त्यानं कापला. चांगलं दिसत नव्हतं म्हणे.

सखा पुढं म्हणाला, "एवढा पैसा कमवून बी खानावळ चालवतेस, मानलं तुला." आता सांगावं, आता सांगावं असं करत होते. पण इतका खूश होता. सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एक साठ. बघायचं सोडलंय खरं तर. कमलेश आता दुसऱ्याच कुठल्या शेअरचं नाव घेऊन आला होता, अडीच रुपयाचा. म्हटलं, "कमलेश, जेवायला बसायचं असेल तर तोंडात फक्त घास." गुपचूप बसला. त्याचेही गेलेत नभांकुरात, म्हणून जास्त बोलले नाही.

अपेक्षाशी वाद झाला. मी ठरवलंय, हक्कसोड करून द्यायचं. माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीनं माझा हिस्सा कापला तेव्हा मला विचारलं नाही, उलट बोलायला लागले तर तोंड बंद केलं. सखा विचारतोय तरी. चार महिने दम धरून, चहा पाजून विचारतोय. मला शेती काय करायची आहे? माझं नाव तिथं आलं तेव्हा त्यालाही वाटलंच असेल ना, की अर्धं गेलं. मला पंधरा हजारांत एक झाल्यावर वाटलं तसं.

अपेक्षा म्हणाली, "आई, ते चाळीस जण मागून घुसलेत. तू मागून घुसली नाहीस. तू त्याच्या आधी जन्मलीस."

खरं आहे. तरी देते. द्यायला माझ्याकडं काहीतरी आहे हेच मला बरं वाटतंय. सुंदराआत्याला पण असंच वाटलं असेल, आता कळतंय.

"आणि मामाला शेअरचं खरं?"

म्हटलं, तेही सांगेन. दिवाळीचं तोंड गोड होऊ दे आधी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सखा आला. नवा शर्ट, हाताला ग्रीसचा वास तसाच. ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली — मोरपंखी, काठ भारी आहेत — आणि वर हजार रुपये. मी म्हटलं, "साडी आणली म्हणजे मटणाचं जेवण मीच घालायचं होय रं?" तो इतका हसला. कोंबडीच केली होती, वडे केले होते, सात खाल्ले त्यानं.

सोमवारी खालापूरला रजिस्टर ऑफिसात जायचं ठरलं. वकिलानं कागद तयार ठेवलाय. मी हो म्हटल्यावर सख्याचे डोळे भरले. "बाय, मी तुझं नाव मोठं करीन बघ." मी म्हटलं, माझं नाव काढायला तर चाललायस. पुन्हा दोघं हसलो.

जाताना त्यानं विचारलं, "कंपनी?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. अपेक्षानं बघितलं. मी म्हटलं, झकास.

सणाचा दिवस होता.

२७ ऑक्टोबर, सोमवार

खालापूर. रजिस्टर ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो, आमचा नंबर चौथा. सखा म्हणाला, "बाय, आता तुला सांगतो, एवढे दिवस गुपित ठेवलं." आणि मोबाईल दाखवला. नभांकुर. पस्तीस हजार शेअर. माझा व्हिडिओ बघितला त्याच आठवड्यात घेतले. "सगळे म्हणतात पडतोय. मी म्हटलं, माझी बहीण आत बसलीय, तिला ठाऊक. तू दुप्पट केलेस ना? तुझी सही झाली की अकरा गुंठे फार्महाउसवाल्याला देतोय. ते सगळे पैसे यातच टाकणार."

आमचं नाव पुकारलं. सखा उठला. मी उठले नाही. माझा मोबाईल काढला, माझे वीस हजार उघडले, खालचा तोट्याचा लाल आकडा वर आणला आणि त्याच्या हातात दिला.